रिकाम्या घरावरच्या गारा

"रेवा, घराला भोकं पडलीत," सिस्टर फोनवर म्हणाल्या. "कालच्या गारांनी. पण धावत येऊ नकोस. उद्या ऊन वर आलं की ये. तेव्हा छान दिसतं."

रेवा थेटे लगेच निघणार होती, पण सिस्टरच्या आवाजात घाबरल्याची खूणच नव्हती. उलट घरी आवडते पाहुणे आल्यासारखा तो आवाज होता. म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकहून निघाली आणि ऊन चढता चढता माळावर पोचली.

माळावर ते एकच घर होतं. दोन खोल्या, दगडी भिंती, वर सिमेंटचे जुने पत्रे, मागे छोटी विहीर आणि अंगणात सौरपट्टी. रेवाच्या वडिलांनी ते नोकरी संपल्यावर निवांत राहायला बांधलं, पण राहायला आले ते आजारी होऊनच. त्यांच्या शुश्रूषेसाठी सालोमीबाई उजगरे आल्या. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या, आणि म्हणून सगळ्या पंचक्रोशीच्या 'सिस्टर'. वडील गेले तेव्हा सिस्टर पिशवी भरायला लागल्या. रेवा म्हणाली, तुम्ही इथेच राहा. सिस्टर म्हणाल्या, फुकट राहायची मला सवय नाही. तेव्हापासून त्या भाडेकरू. भाडेकरार नोंदवायची गोष्ट एकदा निघाली होती. अकरा महिन्यांचा कागद, अंगठे, साक्षीदार, दर वर्षी पुन्हा तेच. रेवा हसून म्हणाली होती, "आपल्यात कशाला कागद?" सिस्टरना ते वाक्य फार आवडलं होतं. कितीतरी दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होत्या.

आज सिस्टरनी दार उघडलं आणि रेवाच्या डोळ्यांवर हातच ठेवला. "आत ये. आता बघ."

खिडक्या लावलेल्या होत्या. खोलीत पहाटेसारखा अंधार होता, आणि त्या अंधारात जमिनीवर, खाटेवर, भिंतीवर, फडताळावर प्रकाशाच्या गोल टिकल्या पसरल्या होत्या. कुठे एक, कुठे पाच-सहा एकमेकींना चिकटून. सिस्टरनी खाटेवर पांढरी चादर ताणून घातली होती. तिच्यावर तर कोणीतरी चांदीची नाणी उधळल्यासारखं दिसत होतं.

"गंमत सांगू?" सिस्टर म्हणाल्या. "वरची भोकं वाकडीतिकडी आहेत. एक तर अगदी त्रिकोणी आहे. पण कवडसे सगळे गोल. असं का?"

रेवा खाटेजवळ बसली. घराची अवस्था बघून हळहळायचं सोडून ती एका कवडशाखाली तळहात धरून बसली. "कारण हे भोकाचे आकार नाहीत, सिस्टर. ही सूर्याची चित्रं आहेत. लहान भोकातून प्रकाश सरळ रेषेत येतो, तो येताना सूर्याचं चित्रच घेऊन येतो. ही जेवढी भोकं, तेवढे सूर्य."

"म्हणजे मी सूर्यांवर झोपते."

"दुपारी झोपलात तर."

बाहेर ढगाचा एक तुकडा सूर्यावरून सरकत गेला. चादरीवरचे सगळे सूर्य एकदमच, एकाच बाजूने, थोडे थोडे खाल्ले गेले आणि पुन्हा भरले. मग रेवाची नजर उशीकडे गेली. उशीच्या मधोमध वाटीएवढा खळगा होता, आणि अभ्रा उसवून कापूस बाहेर आला होता. बरोबर वर, पत्र्यात, सगळ्यांत मोठं भोक होतं.

"इथे तुमचं डोकं असतं," रेवा म्हणाली.

"मी चहा करत होते." सिस्टरनी शीतपेटीतून स्टीलचा डबा काढला. त्यात एकच गार होती, मोठ्या लिंबाएवढी, एका बाजूला चपटी. "ही ती. हिला ठेवलंय. बाकीच्यांचं पाणी केलं."

फडताळात सलाइनच्या जुन्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तीवर साल. त्या भागात गारेचं पाणी भरून ठेवायची जुनी रीत होती. भाजलं, पोळलं की लावायला. सिस्टर नर्स होत्या, त्यांना त्यातलं सगळं कळत होतं. "पाण्यात काही नसतं गं," त्या म्हणायच्या. "पण पोळलेलं पोर घेऊन येणाऱ्या आईचा हात थरथरत असतो. बाटली दाखवली की तो थांबतो. मग मला माझं मलम लावता येतं."

रेवाने पत्र्यांचे फोटो काढले आणि विम्याचा दावा दाखल केला. सिस्टरनी ताडपत्रीला एकाच अटीवर परवानगी दिली: रात्री घालायची, सकाळी काढायची.

*

परवा दुपारी त्या गारा माळावर पाडणारी रेवाच होती.

हे तिला त्या क्षणी ठाऊक होतं आणि नव्हतंही. द्राक्ष बागायतदारांच्या संघाचं एक गारवळण केंद्र होतं, तिथे ती वळणकार म्हणून काम करायची. वातावरणशास्त्रात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला याहून स्वप्नवत नोकरी मिळाली नसती. समोर भिंतभर पडदा, पडद्यावर ढगाचं पोट उलगडून दाखवलेलं, आणि हाताखाली चाळीसेक चतुर. चतुर म्हणजे ढगात शिरणारी छोटी उडती यंत्रं. तळ्यावरच्या चतुरांसारखे चार पंख असल्यामुळे पहिल्याच दिवशी कोणीतरी दिलेलं नाव तेच राहिलं.

गार म्हणजे रखडलेला थेंब. ढगाच्या वरच्या थरात पाणी शून्याच्या खूप खाली जातं तरी गोठत नाही, कारण गोठायला त्याला कशावर तरी बसावं लागतं. धुळीचा कण, परागकण, काहीही चालतं. बसायला मिळालं की थेंबाचा खडा होतो. तो पडायला निघतो, पण वर उसळणारा वारा त्याला पडू देत नाही. तो वर जातो, अंगावर पाणी घेतो, ते गोठतं, जड होऊन घसरतो, पुन्हा वर फेकला जातो. कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे चढत जातात. वाऱ्याला पेलेनासा झाला की तो सुटतो. ढगात बसायच्या जागा थोड्या असतील तर पाणी थोड्याच खड्यांच्या वाट्याला येतं आणि गारा मोठ्या होतात. जागा भरपूर असतील तर तेच पाणी सगळ्यांत वाटलं जातं. गारा साबुदाण्याएवढ्या राहतात, निम्म्या वाटेतच वितळतात.

चतुर ढगात जाऊन अशा बसायच्या जागा पेरत. सुरुवातीला संघ दाट पेरणी करायचा. साबुदाणा पडायचा, सगळीकडे. पण साबुदाण्यानेही घडावर बारीक डाग पडतात, आणि डागी घड परदेशी जात नाही. मग वळणाची पद्धत आली. ढग बागांवर पोचायच्या आधीच त्याच्या पुढच्या कडेला विरळ पेरायचं, म्हणजे त्याचं सगळं ओझं माळावर मोठ्या गारांनी उतरतं आणि बागांवर पोचतो तो रिकामा ढग. माळावर कोणी राहत नाही. कोण कुठे राहतं हे यंत्र सरकारी नोंदींवरून ठरवायचं. लोकांच्या फोनवरून त्यांचा ठावठिकाणा काढायला कायद्याची बंदी होती. पडद्यावर वस्तीच्या जागी दिवे दिसत, आणि जिथे दिवा नाही तो पट्टा निर्जन. रेवाचा आवडता पट्टा होता चौदा. लांबट, काळाभोर, एकही दिवा नसलेला. परवाचा ढग तिने त्यावर असा अलगद रिता केला होता की मागे उभे असलेले दोघे-तिघे टाळ्या वाजवू लागले होते.

आपलं घर कुठल्या पट्ट्यात येतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ओढ्याच्या अलीकडे, तेरामध्ये असेल, असं तिने धरून ठेवलं होतं. दर वर्षी सिस्टरच्या फडताळात एक बाटली वाढायची. कडेकडेच्या गारा पडत असतील, असं तिला वाटायचं. आणि तसंही, यंत्राला माहीत असणारच की.

*

विमा कंपनीचे पाहणीदार लतीफ शेख दोन दिवसांनी आले. पन्नाशीचे, बोलके, मोटारसायकलवरून उतरताच पाणी मागणारे. त्यांच्या पिशवीत डब्याएवढं एक यंत्र होतं. त्याला ते चाखणी म्हणत. गारा पेरणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपल्या बियाणात कृत्रिम रेणूंची एक खूण मिसळावी लागे. गार कोणाची, कोणत्या उड्डाणाची, हे त्या खुणेवरून कळायचं. चाखणीच्या जिभेवर थेंब टाकला की ती खूण वाचायची.

"गार वितळली तरी चालते का हो?" रेवाने विचारलं.

"साखर विरघळली म्हणून चहा फिका होतो का, मॅडम?" लतीफभाई म्हणाले. सिस्टरनी नुकताच त्यांच्या हातात चहा दिला होता.

त्यांनी यंदाच्या बाटलीतला थेंब टाकला. चाखणी क्षणभर गुणगुणली आणि तिच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: द्राक्ष संघ, पट्टा चौदा, वळणकार रे. थेटे.

रेवाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या मनातला ओढा हळूच जागचा हलला आणि घराच्या अलीकडे येऊन वाहू लागला.

"थेटे म्हणजे तुमच्यापैकीच कोणी?" लतीफभाईंनी विचारलं.

"मीच."

"अरे वा. स्वतःच्याच घरावर."

सिस्टर मात्र लहान मुलासारख्या पुढे सरकल्या होत्या. "या बाटलीची पण चव बघा ना." त्यांनी मागच्या सालची आणली. मग त्याच्या मागची. चाखणी दर वेळी गुणगुणायची आणि दर वेळी तेच नाव दाखवायची. शेवटी ओळीच्या टोकाची, सर्वांत जुनी बाटली आली. चाखणी बराच वेळ गुणगुणत राहिली. पडदा कोरा.

"ही कोणाचीच नाही," लतीफभाई म्हणाले.

"ही देवाची," सिस्टर म्हणाल्या आणि ती बाटली पदराने पुसून वेगळी ठेवली. मग रेवाकडे वळल्या. "म्हणजे बाकीच्या दर वर्षी तू पाठवत होतीस? आणि मला वाटायचं, इथे माळावर आपली कोणालाच आठवण नसते."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर रेवाला बरं वाटलं असतं.

लतीफभाईंनी दाव्याचा अर्ज उघडला. "सोपं प्रकरण आहे. गार वळवलेली, म्हणजे भरपाई संघाच्या निधीतून. तुमच्या वडिलांनी विमा उतरवला तो 'रिकामे घर' म्हणून, कारण तेव्हा कोणी राहायला आलं नव्हतं. तोच चालू आहे. एकच रकाना राहिला: घरात वास्तव्य आहे की नाही." त्यांनी अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या पातळाकडे पाहिलं. "ते कोणाचं?"

"भुताचं," सिस्टर म्हणाल्या.

"मग 'नाही' लिहू. भुताचं वास्तव्य आम्ही धरत नाही." ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "मॅडम, सरळ सांगतो. 'नाही' म्हणालात तर दुपारपर्यंत मंजूर, आठवड्यात नवे पत्रे. 'आहे' म्हणालात तर विमाच चुकीच्या प्रकारचा ठरतो, दावा गेला. शिवाय ती नोंद तुमच्या केंद्राकडे जाणार. चौदा निर्जन राहणार नाही. मी डोळे मिटून काही लिहिणार नाही, तुम्ही सांगाल ते लिहीन. अर्ज बुधवारपर्यंत उघडा ठेवतो."

*

प्रल्हादमामा संघाचे अध्यक्ष होते. ते बागेतच भेटले. मांडवाखाली हिरवा, थंड उजेड होता आणि काढणीला आलेले घड डोक्याला लागत होते. मामांनी एक मणी तोडून रेवाच्या हातावर ठेवला, तिच्या लहानपणापासून ठेवत आले होते तसा.

तिचं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "एक बाई. सगळ्या माळावर एक बाई."

"मामा, निर्जन नसायला किती माणसं लागतात?"

"आता मला शाळेत घालू नको." त्यांनी एक वाळलेलं पान चुरगाळलं. "मी काय म्हणतो, सिस्टरना खाली घेऊन ये. आमच्या गच्चीवरची खोली मोकळीच आहे. हवेशीर आहे. माझी आई त्यांच्याच हातांत सुखाने गेली, पोरी, मी काय त्यांचा वैरी आहे? त्या इकडे आल्या की घर खरोखरच रिकामं. मग लिही 'नाही', खोटं काय त्यात?"

रेवालाही हे शहाणपणाचंच वाटलं.

"गुरुवारी ढग आहे म्हणतात," मामा म्हणाले.

"आहे. मोठा."

"गुरुवारी बाग निम्मी वेलीवरच असेल. माझीच नाही, सगळ्यांची." ते मांडवाकडे बघत राहिले. "चौदा नसला तर काय करशील?"

"चौदा नसला तर या ढगाच्या वाटेवर वळवायला जागाच नाही. दाट पेरावं लागेल. साबुदाणा पडेल."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

मामांनी दुसरा मणी तोडला, पण तो स्वतःच खाल्ला.

*

सिस्टरनी गच्चीवरच्या खोलीचं बोलणं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"मामांना म्हणावं, उपकार आहेत. पण गावात माझं राहून झालंय. वॉर्डात झोपेतसुद्धा कोणी ना कोणी हाक मारायचं. 'सिस्टर' म्हटलं की मी झोपेत चपला घालायचे. इथे कोणी हाक मारत नाही. वर्षातून एकदा आकाश मारतं, तेवढी पुरते."

"मग मी 'आहे' लिहिते."

"नको." सिस्टर तिच्याजवळ सरकल्या. "तू नीट बघ. मी आहे म्हटलंस तर गारा यायच्या थांबतील. मी नाही म्हटलंस तर येतील. मग मी नाहीच बरी. पत्रेही मिळतील तुला."

"उशीवर पडली होती, सिस्टर."

"मी चहा करत होते."

"पुढच्या वेळी झोपलेल्या असाल."

"पुढच्या वेळीही चहा करीन."

रेवाला हसू आलं. ती उठली आणि शीतपेटीतून स्टीलचा डबा काढला. "तुम्हाला एक दाखवते."

तिने चुलीवर तार तापवली आणि गारेची पातळ चकती कापून घेतली. ताट गरम करून त्यावर चकती फिरवली, कागदाएवढी पातळ होईपर्यंत. मग फोनचा पडदा पांढरा करून त्यावर ती ठेवली आणि आपला गाडी चालवतानाचा काळा चष्मा सिस्टरच्या डोळ्यांवर चढवला. "फोनचा उजेड एका ठरावीक दिशेने कंप पावतो. बर्फाचे स्फटिक ती दिशा फिरवतात, प्रत्येक स्फटिक आपापल्या परीने. चष्म्यातून ते रंग होऊन दिसतं. चष्मा थोडा तिरका करा."

सिस्टरनी मान तिरकी केली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

त्या म्हणाल्या, "चर्चच्या खिडकीसारखं आहे. पण गोल."

रेवानेही चष्मा घेऊन पाहिलं. जांभळी, पोपटी, केशरी कडी, एकात एक. काही कडी दुधाळ, काही काचेसारखी. दुधाळ कडं म्हणजे गार झपाट्याने गोठली, काचेसारखं म्हणजे सावकाश. उंच थंडीत आणि खालच्या पाण्यात तिच्या झालेल्या येरझारा. रेवा बोटाने आतून बाहेर येत गेली. इथे पडायला निघाली, वाऱ्याने उचलली. इथे पुन्हा निघाली, पुन्हा उचलली. आणि सगळ्यांत मध्ये, टाचणीच्या टोकाएवढा, तिनेच पेरलेला कण.

"ढगाने हिला इतक्यांदा वर उचललं," रेवा म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखं. "आणि शेवटी मी तिला सांगितलं, खाली कोणी नाही, पड."

फोनच्या उबेने चकती वितळू लागली होती. रंग एकेक करून विझले, बाहेरचं कडं आधी, मग आतलं, आणि पडद्यावर नुसता पाण्याचा डाग उरला. सिस्टरनी फोन उचलून तो थेंब काळजीपूर्वक बाटलीत ओघळवला. झाकण लावलं. मग रेवाच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझ्या वडिलांसारखीच आहेस. त्यांनाही औषध कडू आहे म्हटलं की पटायचं नाही, आणि कडू नाही म्हटलं तरी पटायचं नाही. लिही काय लिहायचं ते."

बुधवारी रेवाने लतीफभाईंना फोन केला. रकान्यात 'आहे' लिहिलं गेलं. पुढे नाव: सालोमी उजगरे. नातं: भाडेकरू. त्याच दिवशी दोघी तालुक्याला जाऊन भाडेकराराचा कागद करून आल्या. सिस्टरना अंगठ्याचं ते यंत्र गुदगुल्या करतं म्हणून हसू आवरेना.

*

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला ढग आला. पश्चिमेकडून, फुलकोबीसारखा, आतून निळा.

केंद्रातला पडदा उजळला. पट्टा चौदा नेहमीसारखाच काळा होता, फक्त त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक दिवा लागला होता. कपाळावरच्या टिकलीएवढा. रेवाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्या अंधाऱ्या खोलीतले कवडसे आठवले. हाही एक कवडसाच. फक्त कुठल्या भोकातून आला, ते तिला माहीत होतं.

यंत्राने लिहिलं: निर्जन पट्टा उपलब्ध नाही.

मागे कुजबूज झाली. कोणीतरी म्हणालं, एकच तर आहे, अध्यक्षांना विचारा, हाताने बदलता येतं. तेवढ्यात मामांचाच फोन आला. रेवाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"काय दिसतंय?" मामा म्हणाले. त्यांच्यामागे मांडवाचं कापड फडफडताना ऐकू येत होतं.

"मोठा आहे, मामा. दाट पेरते आहे. सगळे चतुर सोडते."

"डाग पडतील."

"पडतील. सगळ्यांच्या घडांना थोडे थोडे."

वारा बोलत राहिला. मग मामा म्हणाले, "माझी आई गेली त्या रात्री सिस्टर उशाशी बसून होत्या. मी त्यांना विचारलं, अजून किती वेळ. त्या म्हणाल्या, मोजू नका, बसा." पुढे म्हणाले, "डागी माल बेदाण्याला घालू. सोड तुझे चतुर."

चाळीस चतुर ढगात शिरले. पडद्यावर ढगाच्या पोटात आधी मोजके, ठळक ठिपके होते. बघता बघता त्यांची भुकटी झाली. रांगोळी सांडावी तशी ती पसरत गेली. ढग माळावर आला, बागांवर आला, गावावर आला, आणि जिथे जिथे दिवे होते तिथे तिथे हलकेच उतरला.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला.

"पडल्या गं. केवढुशा. तांदूळ निवडताना ताटात पडावेत तसा आवाज. ताडपत्रीवर बसल्या आणि लगेच पाणी. मी परात धरून उभी होते, तरी अर्धी वाटी भरली फक्त." मग म्हणाल्या, "खाली गावातही पडल्या म्हणे. सगळ्यांकडेच."

"हो. सगळीकडे."

"म्हणजे आता माझ्या एकटीच्या नाही राहिल्या."

त्या आवाजात किंचित हिरमोड होता. रेवाने तो समजून घेतला.

*

नवे पत्रे घालण्यात पुढचे दोन-तीन महिने गेले. रेवाने थोडे या महिन्यात, थोडे त्या महिन्यात असे ते आणले, आणि मामांनी न सांगता दोन माणसं पाठवून दिली. एके ठिकाणी सिस्टरनी त्या माणसांना अडवलं. खाटेच्या वरच्या कोपऱ्यात एक भोक ठेवून घेतलं, त्यावर काच बसवून घेतली. "माझा एक सूर्य राहू द्या," त्या म्हणाल्या. माणसांनी रेवाकडे पाहिलं. रेवाने भोकाचा व्यास किती ठेवायचा ते सांगितलं.

घर पुरं झाल्यावर ती एका सकाळी आली तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. चारही कोपऱ्यांना दवाखान्यातली चिकटपट्टी. विमा कंपनीचं पत्र.

"हे कशाला लावलंत?" रेवा म्हणाली. "नकाराचं पत्र आहे ते."

"अगं, वाच तरी." सिस्टरनीच वाचून दाखवलं, प्रार्थना वाचावी तशा संथ आवाजात. "'सदर घरात श्रीमती सालोमी उजगरे यांचे वास्तव्य आहे, ही बाब कंपनी मान्य करते. सबब दावा नामंजूर करण्यात येत आहे.' किती स्वच्छ लिहिलंय. आजवर मला इतकं सरळ कोणी लिहून दिलं नव्हतं."

काचेतून आलेला कवडसा त्या वेळी भिंतीवर, कागदाच्या थोडा वर होता. सूर्य वर चढत होता, तसा तो खाली येत होता. दोघी खाटेवर बसून त्याची वाट बघू लागल्या. तो कागदाच्या कडेला लागला, मजकुरात शिरला आणि काही वेळाने अगदी नेमका 'वास्तव्य' या शब्दावर येऊन थांबल्यासारखा झाला.

"रोज येतो," सिस्टर म्हणाल्या. "मग घसरत घसरत खाली 'नामंजूर'वर जातो."

"मग?"

"मग काही नाही. तोवर मी चहा करायला उठते."

त्या उठल्या. बाहेर ढगाचा पातळसा तुकडा आला असावा; भिंतीवरचा सूर्य एका बाजूने जरा मिटला आणि परत उघडला. आत स्टो पेटल्याचा आवाज आला. रेवा तिथेच बसून राहिली.